पाणी चढण्याआधी

मानिवाकी,
२० मे १९२८

ती. फिलोमेनताईस,
बाजीलचा सा. न. वि. वि.

ओनेसीमदाजींना जाऊन दोन महिने झाले. तू कशी आहेस हे विचारायचं धाडस होत नाही, म्हणून कामाचंच लिहितो. धरणाच्या कामावर मीच लाकडं ओढतो, तेव्हा हे ऐकीव नाही. ऑगस्टअखेर दारं बंद होणार. तुमचं तळं, मेपलची राई, शिकारीचं सगळं रान पाण्याखाली जाईल. तुमची होडीही बर्फाखाली चेपली असं ऐकलं. मी माणूस पाठवतो, तू आणि तुझ्या सासूबाई इथेच या. क्लेरीने चुलीशेजारची खोली रिकामी केली आहे. हट्ट करू नकोस. आपल्या घरातला सगळा हट्ट तुझ्याच वाट्याला आला आहे, हे ठाऊक असूनही लिहितो.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा बाजील


तळ्यावरून,
१२ जून

चि. बाजील यास, अ. उ. आ.

क्लेरीला सांग, खोली छानच असेल. पण खोलीत मी सापळे कुठे लावू?

मी वर जाणार आहे, आलेक्सीमामांच्या रानात. रीतीप्रमाणे तंबाखू पाठवून परवानगी मागितली. मामांनी निरोप धाडला, की तुझी आई इथेच जन्मली, विचारायची गरज नव्हती. पण विचारलंस हे बरं केलंस. वाट दोन दिवसांची. पाच ठिकाणी धबधबा टाळायला होडी डोक्यावर घेऊन काठाने चालावं लागेल.

म्हणून होडी मीच बांधते आहे. भूर्जाची साल परवाच काढली, एकसंध निघाली. आजवर अकरा होड्यांची साल मी शिवली, सांधे डिंकाने लिंपले. लाकूडकाम मात्र ओनेसीमचं. तू बाबांच्या हाताखाली शिकलास. आतल्या फासळ्या कशा वाकवायच्या ते लिही. सासूबाईंना आता दिसत नाही, तरी शिवणीच्या दोऱ्यासाठी स्प्रूस झाडाची मुळं चाचपून माझ्यापेक्षा सरळ चिरतात. त्या म्हणतात, बाईने फासळ्या केल्या नाहीत कारण कुणी तिला करायला सांगितल्याच नाहीत.

मुलांना पापे. माणूस पाठवू नकोस, उत्तर पाठव.
फिलोमेन


मानिवाकी,
२४ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

करवतीने माझी दोन बोटं नेली ते तू पाहिलं आहेस. पंधरा वर्षांत मी सुरी धरली नाही. तरी आठवतं ते लिहितो. देवदाराच्या पट्ट्या बोटाच्या जाडीच्या तास, दोन दिवस भिजव, वर उकळतं पाणी ओत आणि गुडघ्यावर वाकव. बाबांची वाकडी सुरी सोबत धाडतो आहे. ती माझ्याकडे नुसती पडून होती, याची लाज वाटते.

जमलं नाही तर खोली आहेच. एवढं म्हटल्याबद्दल शिव्या दे, पण पत्र दे.
बाजील


तळ्यावरून,
८ जुलै

चि. बाजील यास, अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आठ फासळ्या मोडल्या. सासूबाईंनी तुकडे चाचपले आणि म्हणाल्या, तुझ्या भावाने चहाच्या जळणाची सोय छान केली. मी काठावर जाऊन पोटभर रडले. मग नवं देवदार तोडलं.

तू काहीतरी लिहायचं विसरला आहेस. डोक्याला आठवत नसेल तर हातांना विचार. आठ बोटं आहेत अजून.
फिलोमेन


मानिवाकी,
१७ जुलै, घाईत

ती. ताई, सा. न.

दारं १ ऑगस्टलाच बंद होणार! मुकादमाने आज सांगितलं. टपालाची वाट पाहण्यात अर्थ नाही, क्लेरीचा भाऊ हे पत्र घेऊन होडीने निघतो आहे.

तुझं वाचून स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसलो. क्लेरी किटली धरून उभी, मुलं हसताहेत. पहिली फासळी मोडली. दुसरी उचलताना हात आपोआप दोन पट्ट्या एकावर एक ठेवू लागले. ताई, जोडीनेच वाकवायच्या! एकटी मोडते. आणि लाकूड करवतीने कापायचं नाही, पाचर मारून फाडायचं, म्हणजे रेषा तुटत नाही. उतारावर कललेलं झाड घेऊ नकोस. फासळ्या वाकल्या, तसे माझे डोळे भरले. क्लेरीला वाटलं, भाजलं.

लवकर कर.
बाजील


आलेक्सीमामांच्या तळ्यावरून,
२ सप्टेंबर

चि. बाजील यास, अ. उ. आ.

पोचलो. बावन्न फासळ्या बसल्या, जोडीने वाकवल्यावर एकही मोडली नाही. शेवटचा सांधा लिंपत होते तेव्हा पाणी गवतात शिरलं होतं. आवाज न करता आलं, पाहुण्यासारखं. राईतल्या मेपलच्या बुंध्यांभोवती पाणी पाहिलं आणि मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं. ओनेसीमची कबर टेकडीवर आहे. पाणी तिथवर चढणार नाही, असं मामा म्हणतात. मी जाऊन बघेन.

दुसऱ्या धबधब्यापाशी होडी झिरपली. सासूबाई मधे बसून पाणी उपसत होत्या आणि तुझ्या-माझ्या सगळ्या पूर्वजांचा उद्धार करत होत्या. काठावर येऊन डिंक आणि अस्वलाची चरबी पुन्हा लावली. वर पोचल्यावर मामांनी होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग म्हणाले, डाव्या बाजूला पोट सुटलंय. मी म्हटलं, ते वय झालं की सुटतंच. तेव्हा हसले. हिवाळ्यात सापळे लावायला त्यांनी मला बीव्हर प्राण्यांचे दोन ओढे दिले आहेत.

तुझे उपकार मानत नाही, भाऊ आहेस.
फिलोमेन


मानिवाकी,
१५ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल धरणावर उभा होतो. पाण्यात उपटलेली झाडं तरंगत होती. त्यातली काही मी नावाने ओळखत होतो. हे पाणी अडवायला मीही लाकडं ओढली. संध्याकाळी मुकादमाला सांगून आलो, की उद्यापासून येणार नाही. क्लेरीला आधी विचारलं होतं; ती म्हणाली, इतके दिवस कशाची वाट बघत होतास?

या हिवाळ्यात इथेच जळण फोडून राहू. बर्फ वितळल्यावर आमच्यासाठी मामांना विचारशील का? सोबत तंबाखू धाडली आहे. मुलांना सापळा म्हणजे उंदराचा, एवढंच ठाऊक आहे. त्यांचा बाप काही शिकवू शकेल की नाही, माहीत नाही. पण शिकवणारे तिथे आहेत.

हो म्हणालीस तर लोभ, नाही म्हणालीस तरी लोभ.
बाजील


३० सप्टेंबर

चि. बाजील यास, अ. उ. आ.

मामांनी तंबाखू ओढली. देवदारांच्या कड्यापलीकडचं रान तुमचं. भूर्जाची साल आता सुटणार नाही, बर्फानंतर काढू. झाड मात्र आजच निवडून ठेवलं. लांब होडी करायची आहे. नेमके किती जण येणार ते कळव. सासूबाई म्हणतात, कुत्रा असेल तर तोही मोज.

वाट बघते.
फिलोमेन