अळणी वरणभात

लोणावळा

तीर्थरूप आक्का, तुझ्या धाकट्या धोंडिबाचा दंडवत.

मी बरा हाय. हिरा गेल्यापासून फोनवर काय बोलावं ते सुचत न्हाई, म्हणून लिहितोय. तुझ्या गुडघ्याचं कसं हाय? पवनानगरला डॉक्टरकडं गेलतीस का?

लेकीकडं काय कमी न्हाई. मी गॅसवर चहा ठिवून विसरलो, पातेलं जळालं, म्हणून रेणुकानं विजेचा कुकर आणलाय. दोन डब्यांत डाळ अन् तांदूळ येगळं ठिवायचं, पाणी घालायचं अन् बटन दाबायचं. जाळ न्हाई, शिट्टी न्हाई. शिजलं की आपोआप बंद होतो. ती कामावरून यायच्या आत मी सैपाक करून ठिवतो. तू काळजी करू नगंस.

काल निम्मं जेवण झाल्यावर रेणुका हळूच म्हणाली, "आबा, मीठ राहिलंय."

मी म्हणलो, "व्हय का? मला कळलंच न्हाई."

"परवाही नव्हतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"आई गेल्यापासून तुम्ही पहिल्यांदाच काहीतरी हातात घेतलंत, म्हणून."

त्यावर मला रडू यायला पायजे होतं. आलं न्हाई. मी मिठाची बरणी तिच्याकडं सरकवली. तिनं आधी माझ्या ताटात वाढलं, अन् मी कालवून जेवलो.

जिवाला जप.

तुझा,
धोंडिबा