लेदर कट्ट्यावर बाबा

विरार (पश्चिम),
सोमवार, संध्याकाळ

प्रिय संकेत,

काल आपले बाबा तीस माणसांसमोर पाऊण तास बोलले. हे वाक्य हवं तर परत वाच. सोसायटीच्या मीटिंगला शेवटच्या खुर्चीवर बसून, सही करून, चहा न घेता घरी येणारे आपले बाबा. बोलून ते खाली बसले तर लोकांनी त्यांना पुन्हा उभं केलं. मी कालपासून कुणाला तरी सांगायला तडफडतेय, आणि सगळ्यात आधी सांगायचं ते तुला. फोनच केला असता, पण बाबांचा विषय निघाला की तुझी नेमकी मीटिंग सुरू होते. म्हणून कागद घेतला. आता पहिल्यापासून सांगते, मध्ये थांबवू नकोस.

सातिवलीच्या आमच्या गोडाउनमधून ज्यांचे टेम्पो माल उचलतात ते स्टॅनीभाऊ तुला माहीत नाहीत. आगाशीचे, घरची केळीची वाडी, वय साठीच्या आसपास. हा माणूस एप्रिलच्या उन्हातही काळं लेदर जॅकेट घालून मोटारसायकलवर येतो. हमाल हसतात, मीही हसायचे. नोव्हेंबरात टेम्पोच्या फाळक्याच्या कडीत अडकून त्या जॅकेटची बाही कोपरापासून मनगटापर्यंत फाटली. तो एवढा धिप्पाड माणूस, पण घरात कुणी आजारी असावं तसा चेहरा करून माझ्या टेबलासमोर उभा राहिला. दोन दुकानांनी ‘होणार नाही’ म्हणून सांगितलं होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “द्या इकडे, माझ्या वडिलांना दाखवते.” संकेत, तुझ्या लग्नापासूनच्या नऊ वर्षांत मी असं काही कुणापाशी बोलले नव्हते.

घरी आणलं. बाबांनी बाही मांडीवर घेतली, वास घेतला, अंगठ्याने दाबून पाहिली. म्हणाले, “बकरीचं आहे. चांगलं कमावलेलं.” मग आत गेले आणि दाढीच्या डब्यातून फडक्यात गुंडाळलेली चामडं कापायची रापी आणि टोचायची आरी घेऊन आले. रापीला गंज नव्हता. म्हणजे नऊ वर्षं ते मधूनमधून तिला पुसत होते, आपल्या घरात, माझ्या नाकासमोर, आणि मला पत्ता नव्हता. मला वाटत होतं सगळं गेलं. शिलाईचं मशीन तर मीच भंगारात दिलं होतं. तुझ्या सासरची आगाशीची मंडळी लग्नाआधी घर बघायला येणार होती ना, त्याच्या दोन दिवस आधी. बाबा बाजारातून आले, रिकामा कोपरा पाहिला आणि एवढंच म्हणाले, “बरं केलंस. जागा झाली.”

दोन संध्याकाळी बसून त्यांनी ती बाही शिवली. स्टॅनीभाऊ ती गोडाउनच्या दारात उन्हाला धरून फाटलेली जागा शोधत राहिले आणि त्यांना सापडेना. विचारलं, “बाबा काय करायचे तुझे?” मी म्हटलं, “शिवणकाम.” खोटं नाही, पण अर्धंच. ते म्हणाले, “त्यांना आमच्या कट्ट्यावर आण. आणलंच पाहिजेस.”

तर हा लेदर कट्टा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी सात वाजता स्टॅनीभाऊंच्या वाडीत जमतो. सातच का, तर नऊनंतर आपल्या दमट हवेत जॅकेट अंगात ठेवणं कुणाच्या बापाला जमत नाही. पहिल्यांदा बाबांना घेऊन गेले तेव्हा हसू आवरेना. केळीच्या झाडांत प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि त्यांवर पंचवीस-तीस माणसं काळी, तपकिरी, लाल जॅकेटं घालून चहा पीत बसलेली. एकाने तर लुंगीवर घातलं होतं. अर्धा तास जॅकेटवरच्या बुरशीवर चर्चा चालते. कोण म्हणतं कपाटात दिवा लावून ठेवा, कोण म्हणतं खोबरेल लावा. बाबा तेवढ्याला कळवळून म्हणाले, “खोबरेल नका लावू हो,” आणि लगेच गप्प झाले. त्यानंतर खरा कार्यक्रम. दर वेळी एकाने आपलं जॅकेट टेबलावर ठेवायचं आणि सांगायचं, हे कुठून आलं, मी काय काम करतो, कुठल्या घरातून आलो. बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही.

काय काय ऐकलं मी तिथे. स्टॅनीभाऊ अठरा वर्षं दिल्लीच्या रूटवर ट्रक चालवायचे. धुक्यात पुढचा ट्रक दिसत नसे, खिडकीतून डोकं बाहेर काढून चालवायचं. त्या थंडीत हे जॅकेट घेतलं. घरी वडील म्हणायचे, वाडीत पिकतंय ते सोडून ड्रायव्हर कशाला झालास. वडील वारले तेव्हा स्टॅनीभाऊ जयपूरच्या पुढे होते. हे सांगताना त्यांनी जॅकेटची चेन तीनदा वरखाली केली. मटिल्डा मावशी कुवेतच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या नर्स होत्या. पहिल्या पगारातून आईला पैसे पाठवले आणि उरलेल्यात लाल जॅकेट घेतलं. म्हणतात, “बावीस वर्षं सगळ्यांनी मला हिरव्या गाऊनमध्ये बघितलं. सुट्टीच्या दिवशी तरी लाल दिसायला नको?” पाचूबंदरचे हरेश्वर बर्फाच्या कारखान्यात. ते म्हणाले, “बायेरच्यांना वाटतं हा कोन हिरो. मी आत बर्फाच्या खोलीत आठ तास असतो. पानी गोठतं तिथं मानूस गोठनार नाय? हौस मागून आली, आदी गरज होती.”

बाबा तीन महिने मागच्या खुर्चीवर बसले. पण जॅकेटं आपोआप त्यांच्याकडे जायला लागली. कुणाचं अस्तर सुटलं, कुणाची कॉलर बसत नाही. आणि मग एक गंमत सुरू झाली. बाबा शिवण बघून शिवणाऱ्याचं सांगतात. हरेश्वरच्या जॅकेटचा खिसा उलटा करून म्हणाले, “हा कारागीर डावखुरा होता. बघा, टाका कुठे झुकतो.” एका तरुण मुलीच्या जॅकेटची पाठ उन्हात धरून म्हणाले, “या जनावराला काटेरी कुंपण लागलं होतं, ही जखम भरलेली आहे. कापणाऱ्याने ती मुद्दाम मध्यावर घेतली नाही, बगलेखाली लपवली. हुशार माणूस.” दर महिन्याला लोक जॅकेटं घेऊन रांगेत उभे राहतात, पत्रिका दाखवायला आल्यासारखे. घरी परतताना बाबा रिक्षात गुणगुणतात. तू कधी त्यांना गुणगुणताना ऐकलंयस?

काल स्टॅनीभाऊ म्हणाले, “सदानंदकाका, आज तुमची पाळी.” मी पटकन म्हटलं, त्यांच्याकडे जॅकेट नाही. माझी जुनी सवय, बाबांच्या आधी उत्तर द्यायची. बाबा उठले. टेबलापाशी गेले, आणि जिथे सगळे जॅकेट ठेवतात तिथे त्यांनी आपले दोन्ही हात ठेवले. पालथे. रंगाने पुन्हा काळी पडलेली नखं, आरीचे व्रण, वाकडा झालेला अंगठा, सगळं.

तुला आठवतं ना, तुझ्या लग्नात फोटोच्या वेळी तू माझ्या कानात काय म्हणालास? “बाबांना हात मागे ठेवायला सांग.” सांगायला मी गेले होते. सगळ्या अल्बमभर ते शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधून उभे आहेत. काल ते हात मी टेबलावर पाहिले आणि मला खुर्चीवर नीट बसवेना.

ते म्हणाले, “आम्ही चर्मकार. खटाव तालुक्यातले. माझा बाप विहिरीवरच्या मोटा शिवायचा. चामड्याची मोट, बैल ओढायचे तिला. पंचक्रोशीतलं सगळं पाणी बापाच्या शिवणीतून वर यायचं. आणि त्याच विहिरीवर आम्हाला लांब उभं राहून, कुणी वरून ओतेल तेव्हा प्यायचं असायचं. मी सतराव्या वर्षी मामाबरोबर धारावीला आलो. आधी चपलेचे पट्टे, मग जॅकेटं. अठ्ठावीस वर्षं बाह्या जोडल्या. बाही जोडणं सगळ्यात अवघड. माणूस हात वर करतो, वळवतो, पोराला उचलतो, बाहीने ते सगळं करू दिलं पाहिजे. मी जोडलेली बाही कधी परत आली नाही. दोन पोरं शिकवली त्यावर.” मग थांबून म्हणाले, “हे मी बरीच वर्षं बोललो नव्हतो. कंपनीत होतो म्हणायचो. कंपनी माझी नव्हती. काम माझं होतं.”

मला वाटलं, झालं, आता लोक घड्याळं बघतील. तेवढ्यात हरेश्वर उठून म्हणाले, “काका, मग तुमचा सोताचा जॅकेट कुठं हाय?” बाबा म्हणाले, “हजारो शिवली. माप बघायला अंगात घालायचो आणि लगेच काढायचो. स्वतःचं एकही नाही.” मटिल्डा मावशी सरळ पुढे आल्या आणि आपलं लाल जॅकेट त्यांच्या खांद्यावर चढवलं. अरे, बसलं त्यांना. अगदी बरोबर. आपले बाबा, लाल लेडीज जॅकेटमध्ये, केळीच्या झाडाखाली. सगळी वाडी हसायला लागली आणि बाबाही हसले, आणि हसता हसता गंभीरपणे म्हणाले, “खांदा अर्धा इंच मागे गेलाय, ठीक करून देतो.” मग प्रश्न सुरू झाले. बाही कशी कापतात, जाड चामड्याला सुई कुठली. ते खाली बसले तर पुन्हा उभं केलं; पाऊण तास असंच चाललं.

पुढचं ऐक. वाडीत केळी ठेवायची शेड आहे, ती स्टॅनीभाऊ रिकामी करताहेत. सातिवलीत एका बंद पडलेल्या युनिटचं जुनं शिलाई मशीन मिळालंय. बाबा आज सकाळी ते बघायला गेले, चाक फिरवून कान लावला आणि म्हणाले, “खोकला आहे, पण चालेल.” येत्या रविवारपासून बाबा शिकवणार. पहिलं जॅकेट स्वतःसाठी कापणार, आणि कट्ट्यावरचे आठ जण बघत बघत शिकणार. मीही नाव दिलंय. आपण दोघांनी लहानपणी त्यांना इतकं जवळून शिवताना पाहिलं आणि एक टाका शिकलो नाही. शेडवर पाटी लागणार आहे, सदानंदकाकांचं चामड्याचं काम. रस्त्यावरून दिसेल अशी. तुझ्या सासरच्या घरावरून बाजारात जाताना तर हमखास दिसेल.

आता तुला सासरच्यांची भीती वाटली असेल. मला माहीत आहे, कारण तीच भीती मी नऊ वर्षं सांभाळली. तुझ्या सासरी बाबा एक्स्पोर्ट कंपनीतले मॅनेजर आहेत. तू सांगितलंस, मी मान डोलावली, बाबांनी हात मागे घेतले. ते एक वाक्य टिकवायला तू गणपतीत बंगळूरहून फक्त दोन दिवस येतोस आणि त्यातही बायकोला, लतिकाला, तिच्या माहेरी आगाशीलाच ठेवतोस. बाबा म्हणायचे, कामं असतील त्याला. मी तुला दोष द्यायला बसलेले नाही. शाळेत तुला काय काय ऐकावं लागलं ते मी पाहिलंय, आणि तू घरी येऊन ते कधीच सांगितलं नाहीस, तेही पाहिलंय. मशीन मी विकलं. तू एकटा नव्हतास.

आता हे पत्र कशासाठी, ते. लतिका तिच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माहेरी आली आहे, आणि काल ती आमच्याबरोबर कट्ट्यावर होती. दुसऱ्या रांगेत, माझ्या शेजारी. बाबांनी उठताना तिच्याकडे पाहिलं आणि तरीही ते बोलले. मी तिच्याकडे बघायचं धाडस केलं नाही. तिला घरी सोडताना रिक्षात, बाबा पुढे रिक्षावाल्याशी बोलत असताना, ती हळूच म्हणाली, “ताई, मला लग्नाआधीच माहीत होतं. घरी चौकशी केली होतीच. थोडी कुरकुर झाली, मी ऐकलं नाही, मग मिटली.” मी विचारलं, मग त्याला कधी बोलली का नाहीस? म्हणाली, “तो इतक्या मनापासून मॅनेजर म्हणतो, की मला त्याला खोटं पाडवेना. वाटायचं, एक दिवस आपणहून सांगेल. नऊ वर्षं वाट बघतेय. आज बाबांनी सांगितलं, आता तुम्ही त्याला सांगा, माझ्याच्याने नाही होणार.” म्हणून लिहिलं. पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. ती उद्याच्या विमानाने बंगळूरला येतेय आणि हे तिनेच तुझ्या हातात दिलं असेल. देऊन ती आत गेली असेल, काहीतरी कामात असल्यासारखं दाखवत. मला आत्ता फोन करू नकोस. आधी आत जा.

तुझीच,
मीराताई