बुडबुडे कुणाचे?

३ मार्च

ती. सौ. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण तुमचे धाकटे बंधुराज. गुरुवारी चष्म्याचं दुकान बंद असलं की हे ते पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र, रिब्रीदर, पाठीला लावून जुन्या खाणीतल्या पाण्यात माशांचे फोटो काढायला जातात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. एकटा कधीच उतरत नाही, जोडीदार असतो, असं छातीठोकपणे सांगतात. पण हा जोडीदार मी अजून पाहिलेला नाही. चहाला बोलवा म्हटलं तर तो लाजाळू आहे म्हणे! दोघांचा डबा नेतात, त्यातला अर्धा तसाच परत येतो. म्हणजे लाजाळू आणि वर उपाशी! फोटोंत मासेच मासे, माणूस एकही नाही. विचारलं तर म्हणाले, तो मागेच होता, त्याचे बुडबुडे सारखे दिसत होते.

ताई, माझ्या मनात पाल चुकचुकते आहे. हा लाजाळू जोडीदार बाई तर नसेल? हसू नका.

तुमच्या मायेची हक्कदार,
ठमी

८ मार्च

चि. सौ. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

हसले नाही गं. बाई असती तर देव पावला म्हटलं असतं, निदान ओढून वर काढायला कुणीतरी असतं. बाई नाही, बुवाही नाही, तिथे कुणीच नाही.

यंत्र घेतलं तेव्हा त्यानं माझं डोकं खाल्लं होतं. सोडलेला श्वास त्यातच फिरून साफ होतो, सिलिंडरमधून थोडा थोडा ऑक्सिजन मिसळत राहतो, म्हणून बुडबुडे सुटत नाहीत आणि मासे बुजत नाहीत. जोडीदाराकडेही तेच यंत्र आहे, असं त्यानंच मला कळवलं होतं. मग बुडबुडे कुणाचे? लहानपणीही थाप मारताना हा एक वाक्य जास्तच बोलायचा.

ठमे, त्यात ऑक्सिजन कमी पडला तर गुदमरायला होत नाही, छान वाटता वाटताच शुद्ध जाते. म्हणून उतरण्याआधी काठावर बसून थोडा वेळ नळीतून श्वास घ्यायचा, आणि जोडीदारानं ऑक्सिजन दाखवणाऱ्या स्क्रीनकडे नि चेहऱ्याकडे लक्ष ठेवायचं, अशी रीत आहे. मला पाठ आहे, या शहाण्याला नाही! एकदा न सांगता जाऊन बघ. भांडण नंतर.

लोभ नेहमीचाच, आज काळजी जास्त.
ताई

१५ मार्च

ती. सौ. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घ्या.

परवा यांच्या मागोमाग गेले. खरं सांगते, तुमचं पत्र वाचूनही बाईचा संशय पुरता गेला नव्हता. झुडपाआड दबा धरून बसले. कुणी आलं नाही. हे एकटेच यंत्र चढवून, नळी तोंडात धरून काठावर बसले. थोड्या वेळानं यंत्र कोकलायला लागलं, तरी हे ढिम्म. मला वाटलं, मला पाहून सोंग करताहेत. तावातावानं भांडायला पुढे गेले, तर ओठ निळे, मान कललेली आणि चेहऱ्यावर हसू! तुमचं पत्र आठवलं. नळी खसकन ओढून काढली आणि जिवाच्या आकांतानं हाका मारल्या.

भानावर आले ते मलाच विचारतात, तू इथे कशी. ऑक्सिजनचा कॉक उघडायलाच विसरले होते. आणि यंत्र काय, ते उगाचच ओरडतं, म्हणून हल्ली लक्षच देत नव्हते म्हणे. पुढ्यातच पाणी होतं, ताई.

घरी येऊन मी रडले, वाट्टेल ते बोलले. जोडीदार कधी नव्हताच, हे कबूल झालं. खाली एकटं असलं की फार शांत वाटतं, म्हणाले. मग आम्ही कोण, असं मी विचारलं. पुन्हा एकट्यानं उतरणार नाही, अशी माझ्या गळ्याची शपथ घेतली. यंत्र कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे.

पण आज चहा पिताना सहज विचारल्यासारखं विचारलं, किल्ली कुठे ठेवलीस. कशाला हवी, म्हटलं, तर नुसते हसले. ताई, हसू अगदी काठावरचंच होतं.

लोभाचं मागणं नंतर, आधी तुम्ही या.
ठमी