बालाजी घाटावरच्या रिकाम्या चौकटी

काशी, कार्तिक वद्य पंचमी, १९९६

विद्यापीठाच्या चित्रपट-वर्गातला सर्वांत म्हातारा विद्यार्थी मीच. उद्या स्वतःच्या पटकथेचं नि स्टोरीबोर्डचं, म्हणजे एकेका दृश्याच्या चित्रचौकटींचं, परीक्षण लिहून द्यायचं आहे. गोष्ट साधीच. बालाजी घाटावर म्हातारा-म्हातारी शाळेतली कविता म्हणतात, एक ओळ त्याची, पुढची तिची. आमचा संध्याकाळचा खेळ होता तो, माझी बायको कुसुम होती तोवर.

आज नात चित्रं बघत होती.

"आजोबा, दर दुसरी चौकट रिकामी का? पायरीवर कोणीच नाही."

"आजी बसलीय की तिथे."

"दिसत नाही ना! काढून टाका, नाहीतर सर नंबर काटतील."

खरं आहे तिचं. त्या चौकटी हाताने झाकून वाचून पाहिलं. म्हातारा एकटाच बडबडणारा वेडा वाटला. हात काढून पुन्हा वाचलं. दुसरं कडवं संपलं, रिकामी पायरी आली आणि तिच्या आवाजात ऐकू आली ती थेट चौथ्या कडव्याची ओळ. माझाच भास? असेल. पण कुसुम तिसरं कडवं नेहमी गाळायची. पटकथेत मी ते नीट घातलं होतं.

परीक्षणात लिहिलं: चौकटी राहाव्यात. तिसरं कडवं काढावं. ते तिने कधी म्हटलंच नाही.