फ्लॅशवरचं कापड

३ एप्रिल, गुरुवार
आज तिसरे पाहुणे येऊन गेले. परळीकडचे. मुरमुऱ्यांचा सुशीला, चहा झाला, लेकीला, शैलाला, नाव-शिक्षण विचारून झालं. उठताना मुलाचा चुलता चपलेत पाय घालत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "फोटोत पोरगी गोरी दिसत होती." मग कळवतो म्हणाले. हे 'कळवतो' आता तोंडपाठ झालंय.
फोटो मीच काढलेला. वडवणीत बावीस वर्षं दुसरं करतोय काय.

४ एप्रिल
शै. काल दुपारपासून गप्प. सकाळी दूध संस्थेत गेली. तिथं ती दुधाची फॅट मोजते, नोंदी करते. दूध निम्म्यावर आलंय म्हणे. चारा नाही तर दूध कुठून यावं. अध्यक्ष पाण्याच्या टँकरच्या मागं, टँकर पुढाऱ्याच्या मागं.
बायको मंगल म्हणाली, पुढच्या येळी फोटो जरा आणखी उजळ काढा. मी म्हणालो, आणखी उजळ काढला तर भिंत कोणती अन् पोरगी कोणती ते कळायचं नाही. ती रागावली. जेवताना ताट आपटलं.

७ एप्रिल, सोमवार
शै. शेवटी बोलली. आवाज न चढवता, म्हणून जास्त लागलं.
"अण्णा, ती लोकं तुमच्या फोटोला बघायला येतात. मग मी समोर आले की त्यांना फसल्यासारखं वाटतं. दरवेळी खोटी मी ठरते."
मी म्हणालो, सगळ्यांचाच असा काढतो. खरंच काढतो. वर पावडर, सरळ तोंडावर फ्लॅश, तोही जरा जास्तच. तोंड पांढरंफेक. गिऱ्हाईक खूश. नाक, गाल, हनुवटी सगळं एका पातळीवर, ताटासारखं.
लेकीचं गिऱ्हाईक केलं मी. वाईट वाटलं. दुकान लवकर बंद केलं.

९ एप्रिल
बीडला लॅबमध्ये रोल टाकायला गेलतो. तिथं एका शहरी फोटोग्राफरच्या फ्लॅशवर पांढरी प्लास्टिकची टोपी. डिफ्यूजर म्हणतात. उजेड फुटून पसरतो, म्हणून तोंडावर आदळत नाही. माझ्या जुन्या फ्लॅशला ती बसेना. लॅबवाला म्हणाला, कशाला पाहिजे टोपी, उजेड आरपार जाईल असं काहीही पांढरं लाव.
घरी येऊन पतंगाचा कागद लावला, फाटला. शै. नं आतून दूध गाळायचं कापड आणून दिलं, संस्थेत कॅनच्या तोंडाला बांधतात ते. कोरं होतं. दोन पदर, वरून रबर. भिंतीवर मारून बघितला. उजेड मऊ पडला, पण निम्मा कापडानंच खाल्ला. म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगाचं तोंड एक घर जास्त उघडावं लागणार.

१३ एप्रिल, रविवार
लिंबागणेश गावचं लग्न. टँकर उशिरा आला म्हणून हळद उशिरा, हळद उशिरा म्हणून सगळंच उशिरा. पूर्ण रोल कापड लावून काढला. उघड्यावरचा मांडव, उजेड परतायला वर छत नाही, त्यामुळं दहा फुटांपुढं सगळी बोंब. मग नवरीच्या जवळ जवळ सरकत गेलो. भटजीनं मंगलाष्टकं म्हणता म्हणता कोपर मारलं. तरी हटलो नाही.

१६ एप्रिल
प्रिंटा आल्या. मागची माणसं अंधारात, ते चुकलंच. पण जवळचे! नवरीच्या गालावरची हळद हळदीसारखी दिसते. इतकी वर्षं माझ्या फोटोत ती नुसती चकाकायची. नवरीच्या आईचे डोळे रडून सुजलेत, तेही दिसतंय. मी दुकानात एकटाच हसत बसलो. येड्यासारखा.
शै. नं एकेक प्रिंट नीट बघितली. "ही माणसं वाटायलीत," म्हणाली.

१८ एप्रिल, शुक्रवार
नवरीचा बाप आला. अल्बम काउंटरवर टाकला. "कावून हो, आमी काय वाईट केलं तुमचं? पोरगी काळी केली तुमी." मी म्हणालो, पोरीचा रंग हाय तसा आलाय. तो म्हणाला, रंग आमाला म्हाईत हाय, त्यो बघायला फोटोग्राफर कशाला लावू.
लोकांना ही चटक मीच लावली. लॅबला फोन केला, सगळ्या प्रिंटा हलक्या मार म्हणालो. म्हणजे पुन्हा पांढऱ्या. करून देणार. शै. ला सांगितलं नाही.

२० एप्रिल, रविवार
तरी तिला कळलं. म्हणाली, बरं केलं, त्यांचं त्यांना लखलाभ. आता माझा काढा, त्या कापडातून.
दुपारी लाइट गेलेली. तिला मागच्या खोलीत खिडकीपाशी बसवलं. पावडर नाही, साडी रोजचीच. फ्लॅश वायरीवर घेऊन बाजूनं धरायला मंगलला लावलं. ती कुरकुरत होती, पण हात हलू दिला नाही. भिंगातून शै. च्या गालाला उतार दिसला. माझ्या आईचा. आजवरच्या माझ्या एका फोटोत तो नाही. चार काढले.

२४ एप्रिल
चांगला आलाय. चांगला म्हणजे शैलासारखा. मंगल बघून म्हणाली, "छान हाय. पण बाहेर पाठवू नका." दोघींच्या मधे मी, अडकित्त्यात सुपारी.

२७ एप्रिल, रविवार
उमापूरचं स्थळ. मेव्हण्यानं आणलं. मुलगा विश्वनाथ, साखर कारखान्यात क्लार्क. ऊस नाही म्हणून कारखाना बंद, सध्या चारा छावणीवर जनावरांची हजेरी घेतो. आपल्यातलेच, माणसं बरी. मुलाचा फोटो आलाय, चुन्यात बुडवून काढल्यासारखा.
आमचा पाठवायचा होता. मंगल समोर उभी. मी पाकिटात जुना घातला. पांढरा. घाबरलो, दुसरं काय. पाकीट डिंकानं बंद करून शै. कडं दिलं, पोस्ट संस्थेच्या वाटेवरच आहे. मान वर करून तिच्याकडं बघणं झालं नाही.

४ मे, रविवार
उमापूरचे आले. मुलगा, त्याची आई, मामा. मुलगा शैलापेक्षाही काळा! हनुवटीवर बैलाच्या शिंगाचा मोठा वण, फोटोत त्याचा पत्ताच नव्हता. उमापुरातही माझ्यासारखाच कोणी भाऊबंद दुकान थाटून बसलाय तर.
शै. चहा घेऊन आली. मुलाच्या आईनं पिशवीतून फोटो काढला. तिनं फोटो बघितला, शै. कडं बघितलं, परत फोटो बघितला.
"हीच की," म्हणाली. आणि फोटो आत ठेवला.
फोटो कापडातला होता.
मंगलनं माझ्याकडं बघितलं, मी शै. कडं. ती कप मांडत होती. नंतर मुलाला न् तिला ओसरीत पाच मिनिटं बोलू दिलं.

५ मे
विचारलं. शै. म्हणाली, डिंक वाळायच्या आत पाकीट उघडून फोटो बदलला. वर म्हणते, "तुमी काय घालणार ते मला म्हाईत होतं."
रागवायचं होतं. जमलं नाही. लाज वाटली.

८ मे, गुरुवार
उमापूरचा होकार! मंगलनं देवापुढं साखर ठेवली. शै. म्हणाली, "थांबा. माझं अजून ठरलं न्हाई."
मंगल कपाळावर हात मारून बसली. चौथं स्थळ हो म्हणतंय आणि ही थांबा म्हणते. मला आतून बरं वाटलं, पण धाकधूकही आहे. दुष्काळाच्या सालात लोक तारखा उरकायच्या मागं आहेत, थांबतंय कोण.

११ मे, रविवार
दुपारी दुकानात विश्वनाथ हजर. एकटा, एसटीनं. अंगभर धूळ. दुकानामागंच घर, मंगलची धांदल, पाणी दे, गूळ दे. तो उभाच. म्हणाला, "मामा, फोटो काढायचाय. कापड लावून."
कापडाचं कुणी सांगितलं, विचारलं. खाली बघायला लागला. त्या दिवशी ओसरीत शै. त्याला म्हणाली होती म्हणे, तुमचा फोटो तुमच्यासारखा न्हाई, अण्णा कापड लावून काढतात तसा खरा आणा, मग बघू.
बसवला मागच्या खोलीत. पावडर लावू का, विचारलं त्यानं. नको म्हणालो. मंगलनं न सांगता फ्लॅश उचलला. वणाची बाजू अंधारात जाऊ द्यावी म्हणून मी त्याला जरा वळायला सांगितलं. हाडात मुरलेली सवय. तो उलटा वळला. वण उजेडाकडं.
तेवढ्यात शै. संस्थेतून आली. दारात थांबली, बघितलं. आत येऊन आईच्या हातातून फ्लॅश घेतला आणि थोडा खाली, बाजूला धरला.
"हसू नका," त्याला म्हणाली. "हाय तसे बसा."
चार काढले. तिनं हात हलू दिला नाही. तो साडेचारच्या गाडीनं गेला. शै. नं हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. कापड धुऊन दोरीवर टाकलंय.
रोल उद्या बीडला. मीच घेऊन जाते, शै. म्हणाली.