हिरडीटोल्याचे स्टेशन हिरडीटोल्यातच ठेवण्याबाबत

प्रति,
मा. वाहतूक अधिकारी साहेब,
छोटी लाइन, रेल्वे कचेरी.

अर्जदार : उदाराम गोविंदा लंजे, धंदा शेती, राहणार मौजे हिरडीटोला, जिल्हा भंडारा.

विषय : आमच्या गावातले स्टेशन उचलून गोठणपारला नेले, ते परत मिळणेबाबत.

संदर्भ : माझ्या मागच्या अर्जावर आपल्या कचेरीने मारलेला शेरा, "हिरडीटोला नावाचे स्टेशन या लाइनीवर नाही व कधी नव्हते."

महोदय,

१. आपला शेरा खरा आहे, हे आधी कबूल करतो. आमच्या गावातल्या स्टेशनाचे नाव पहिल्या दिवसापासून गोठणपार होते. गोठणपार हे गाव नाल्यापलीकडे आहे. असे का, ते लिहितो. साहेबांनी पूर्ण वाचावे.

२. लाइन आखायला गोरा साहेब आला, तेव्हा आमचे गावपाटील होते सुकराम. त्या काळी साहेबाच्या कागदावर ज्या गावाचे नाव चढे, त्या गावाच्या बैलगाड्या बेगारीत जात. ऐन धानाच्या रोवणीत माणसे धरून नेत. तंबूसमोर उभे करून साहेबाने गावाचे नाव विचारले. पाटलाने हात जोडून सांगितले, "गोठणपार, हुजूर." बला शेजाऱ्यावर जावी, एवढाच हेतू. दोन्ही गावे एकाच मालगुजाराची. जमिनीचा मोबदला त्यालाच मिळाला, त्यामुळे नावावरून कोणी भांडले नाही. त्या रात्री गावात सगळे पाटलाच्या हुशारीवर हसले म्हणतात. पुढे पाटी लागली, आणि हसणे बंद झाले.

३. तरीही स्टेशन आमचे होते. फलाटाचा मुरूम आमच्या बायांनी टोपल्यांनी वाहिला. इंजिन आमच्या तळ्याचे पाणी पीत आले. त्या तळ्याची पाळ आमच्या कोहळी जातीच्या पूर्वजांनी बांधली, रेल्वेने नाही. स्टेशन आले म्हणून शनिवारचा बाजार भरू लागला, बाजार आला म्हणून धानाची गिरणी आली, गिरणी आली म्हणून शाळा. आधी इथे काय होते? हिरड्याची झाडे आणि अस्वले. मी स्वतः शाळेत गेलो नाही. अक्षरे त्या पाटीवर बोट फिरवून शिकलो. म्हणजे मला वाचता आलेला पहिला शब्द गोठणपार. स्वतःच्या गावात बसून दुसऱ्याच्या गावाचे नाव घोकणारा माझ्यासारखा विद्यार्थी साहेबांनी पाहिला नसेल.

४. मागच्या वर्षी आपल्या कचेरीतल्या कोणीतरी नकाशा उघडला आणि त्याला दिसले की गोठणपारचे स्टेशन गोठणपारला नाही. चूक दुरुस्त करायची तर पाटी बदलायची. ती दोन माणसांची कामगत. आपण पाटी ठेवली आणि स्टेशन बदलले. या जूनपासून तिकीट, फलाट, घंटा, सगळे नाल्यापलीकडे.

५. आता मूळ दुखणे. गोठणपारला पाणी नाही. म्हणून गाडी अजूनही आमच्याच गावात थांबते, आमच्याच फलाटासमोर, इंजिनाला पाणी पाजण्यापुरती. माणसाने मात्र चढायचे नाही. गार्ड श्यामलाल भला माणूस आहे. तो म्हणतो, "काका, गाडी खडी है, पर स्टेशन नहीं है. मैं क्या करूं?" त्याला आम्ही काय सांगावे? गाडी दिसून राहिली, डब्यातली माणसे दिसून राहिली, आणि आमच्या बायांनी तीच गाडी धरायला नाल्यातून पुढच्या गावी पळायचे.

६. माझी बहीण रुख्मा विधवा आहे. विड्या वळून पोट भरते. वळलेल्या विड्या सकाळच्या गाडीने गोंदियाला कारखान्यात द्याव्या लागतात, आणि ओली विडी तिथे कोणी घेत नाही. परवा नाल्याला कमरेइतके पाणी होते. रुख्मा डोक्यावर टोपले घेऊन इथेच डब्यात चढली. गोठणपारला तिकीटबाबूने उतरवले. "कुठून बसली?" "हिरडीटोल्याहून." बाबूने स्टेशनांची यादी पाहिली. ते नाव त्यात नाही, म्हणून त्याला पावती करता येईना, आणि पावतीशिवाय सोडता येईना. गाडी निघून गेली. संध्याकाळी सोडले, तेव्हा ती पावसात नाला उतरून आली. विड्यांचा लगदा झाला होता. घरी आल्यावर ती मला एवढेच म्हणाली, "दादा, मी आली कुठून, ते तरी आता लिहून दे."

तिला लिहून देण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. म्हणून हा अर्ज आपल्याला.

७. आम्ही स्वस्थ बसलो नाही. गावाची सभा घेतली आणि ठरवले की स्टेशनासाठी गावाचेच नाव गोठणपार करावे. पूर्वजांचे नाव सोडताना धुरपताबाई नावाची म्हातारी भर सभेत रडली, तरी हात वर केला. तहसिलीतून उत्तर आले की या नावाचे गाव आधीच आहे. मग मी गोठणपारचे सरपंच शालीकराम यांच्याकडे गेलो. म्हटले, भाऊ, नावांची अदलाबदल करू. ते खाटेवरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "तुमच्या बुड्यानं आमचं नाव देल्लं. आमी मांगाले आलतो का? आता रडून काऊन राहिले?" मी आल्या वाटेने नाला उतरून परत आलो.

८. ऐकतो की पुढल्या उन्हाळ्यात आमच्या तळ्यातून गोठणपारपर्यंत नळ टाकणार आहेत. म्हणजे मग गाडी पाण्यासाठीही थांबणार नाही. बाजार आत्ताच अर्धा तिकडे गेला. गिरणीवाला जागा पाहून राहिला. राहील काय, तर मुरुमाचा एक ढीग, आणि तळे, तेही दुसऱ्याची तहान भागवायला.

९. मागणे मोठे नाही. स्टेशन परत द्यावे. ते होत नसेल तर पाणी पिते तेवढा वेळ तरी बायांना चढू द्यावे, आणि पावतीवर हिरडीटोला हा शब्द लिहायची बाबूला परवानगी द्यावी. हुकूम निघणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण दुसरे काही करता येत नाही.

१०. उत्तर टपालाने पाठवू नये. टपालाची थैली आता गोठणपारला उतरते; हिरडीटोला लिहिलेले पाकीट यादीत नाव नाही म्हणून परत जाते, आणि गोठणपार लिहिलेले शालीकराम फोडतात. आपला मागचा शेरा आमच्याआधी त्यांच्या चावडीत वाचला गेला. यावेळी उत्तर सकाळच्या गाडीच्या गार्डाजवळ द्यावे. आम्ही जुन्या फलाटावर उभे असतो. इंजिनाचे पाणी पिऊन होईपर्यंत आमचे वाचून होईल.

आपला, अजूनपर्यंत नम्र,
उदाराम गोविंदा लंजे
मौजे हिरडीटोला
ता. ११ जुलै १९५८

सोबत : १. सभेतील ठरावाची नक्कल, अंगठ्यांसह.
२. भिजलेल्या विड्यांचे एक कट्टल (जुडी). साहेबांनी हातात घेऊन पाहावे.