बॉनेटवरची खळ

आई, आज सकाळपासून माझे हात काही स्वस्थ बसत नाहीत. नखांत खोबरेल तेलाचा वास जाऊन बसलाय, साबणाने चोळचोळून धुतले तरी जात नाही. झालं असं, की तुझ्या नातवाने काल गाडी भलत्याच जागी उभी केली आणि आमच्या दादरच्या सोसायटीने तिच्या बॉनेटवर भलामोठा कागद डकवला, 'येथे गाडी लावू नये'. लेक तणतणत खाली गेला तो दाढीचं ब्लेड घेऊन. मी गॅलरीतून ओरडले, "ब्लेड खाली ठेव आधी!" आणि माझी मीच चपापले, कारण तो आवाज तुझा होता. मग हे गुडघे घेऊन जिना उतरले. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं कागदावर अंथरलं, थांबले. कागद सुटला, पण खालचा चिकटा हटेना. त्यावर तेल चोपडलं, पुन्हा थांबले, मग बोटांनी चोळलं तेव्हा कुठे त्याच्या वळ्या होऊन निघाल्या. लेक म्हणाला, "हे कुठे शिकलीस गं?" मी म्हटलं, "गिरगावात." एवढंच बोलले आणि वर येऊन कागद-पेन घेऊन बसले. तू जाऊनही इतकी वर्षं झाली, हे कुठल्या पत्त्यावर धाडणार आहे मी? तरी लिहिते.

चळवळीचे ते दिवस आठवले की मला आधी घोषणा आठवत नाहीत, तुझं पातेलं आठवतं. वाडीतल्या बायका संध्याकाळी घरटी मूठभर कणीक गोळा करायच्या आणि समोरच्या खोलीतल्या काकू ती आणून तुझ्या पुढ्यात ओतायच्या. पोस्टरं चिकटवायची खळ तुझ्यासारखी कुणाला जमायची नाही. दुसऱ्यांच्या खळीत गुठळ्या व्हायच्या, नाहीतर ती करपायची. तू मात्र पातळ शिजवायचीस, सारखी ढवळत, मोरचुदाचा खडा टाकून, म्हणजे तिला कीड लागायची नाही. तरी पोलीस ओल्या फडक्याने पोस्टरं पुसून काढायला लागले. मग तू सुताराकडून सरस आणवलास. जनावराच्या कातड्याचा तो सरस आपल्या स्वयंपाकघरात कसा चालणार? तू बाहेर गॅलरीत वेगळी शेगडी मांडलीस, नाकाला पदर लावून तो वितळवलास, खळीत घातलास आणि वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "आता काढा म्हणावं, नखं तुटतील!" काकू टाळ्या पिटत हसल्या होत्या. तेव्हा तुमचं काय गूळपीठ होतं! मी कॉलेजातून आले की तुमच्या दोघींच्या मध्ये बसायलाही जागा नसायची.

दादा एका शेटच्या गाडीवर ड्रायव्हर आणि मी ड्रायव्हरची लेक, हे वाडीला माहीत होतं, पण गाडी कधी वाडीत यायची नाही. त्या दुपारी शेटना गिरगावातच कुणाकडे तरी सोडलं होतं आणि दादा जेवायला घरी आले ते गाडी घेऊनच. शेटनी त्यांना आधीच बजावलं होतं, माझ्या गाडीजवळ असलं काही दिसलं तर दुसरी नोकरी शोध. दादा वरणभात कालवताहेत, मी ताक वाढतेय आणि खालून हशा ऐकू येतो. आम्ही गॅलरीत धावतो. काळ्या कुळकुळीत बॉनेटवर मधोमध पोस्टर, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे', आणि काकू ब्रश झटकत उभ्या. उन्हाने पत्रा तापलेला, त्यामुळे खळ बघता बघता वाळली. दादा उष्ट्या हाताने खाली पळाले. त्यांनी बादलीभर गार पाणी मारलं, कोपरा नखाने उचकटला, चिटोरं हातात आलं. मग वर येऊन उलथनं घेऊन गेले. दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत होते, आई. दादांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

तू गॅलरीतून ओरडलीस, "उलथनं खाली ठेवा आधी! रंग जाईल." आणि कढत पाण्याचं पातेलं, तुझं जुनं लुगडं, तेलाचा बुधला असं सगळं घेऊन उतरलीस. दादा म्हणाले, "अगं, तासाभरात शेटना आणायचंय." तू म्हणालीस, "भात करपला की पातेलं कसं भिजत घालतात? तसंच हे. खळ माझी आहे, मला विचारा." पाण्यात हात घालून बघितलंस, सोसवेल इतकंच ऊन ठेवलंस, लुगडं पिळून पोस्टरवर पसरलंस आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. दादा येरझाऱ्या घालत होते. सगळी वाडी बघत होती. लुगडं निवलं की तू पुन्हा बुडवायचीस. शेवटी पोस्टर अखंड सुटलं, तेवढा दादांनी फाडलेला कोपरा सोडून. खाली सरसाचा पांढुरका डाग राहिला होता, तो तू तेल लावून बोटाच्या पेराने चोळत बसलीस. तो निघाला तर तेवढाच चौकोन बाकीच्या बॉनेटहून जास्त चमकायला लागला. मग दादांनी उरलेलं सगळं बॉनेट जीव खाऊन घासलं. रात्री ते सांगत होते, शेट म्हणाले, आज गाडी झकास दिसतेय.

पण मधेच काकू पुढे आल्या होत्या. म्हणाल्या, "वैनी, आपलंच पोस्टर आपल्याच हाताने काढताय?" त्यांचा आवाज चिडका नव्हता, दुखावलेला होता, हे मला आता कळतं. तू मान वर न करता म्हणालीस, "लावायच्या आधी चूल कुणाची विझेल ते बघायचं होतं." काकूंचा चेहरा पडला. त्या ब्रश घेऊन निघून गेल्या. तू ते ओलं पोस्टर दोन्ही हातांवर तोलत वर आणलंस. दादा म्हणाले, "फाडून टाक ते." तू स्वयंपाकघरात कणकेच्या डब्याच्या वरच्या भिंतीवर ते थापलंस, वर मूठभर ताजी खळ लावून. दादा त्या रात्री भिंतीकडे पाठ करून जेवले. पुढे त्यांनाही सवय झाली.

दुसऱ्या संध्याकाळपासून कणीक आली नाही. पातेलं तू घासून रोज शेगडीजवळ उपडं घालायचीस. जिन्यात पावलं वाजली की तुझा हात थांबायचा, पावलं पुढे जायची. कणीक दुसरीकडे शिजायला लागली होती. मला इतका संताप यायचा! एकदा मी म्हटलं, "मी जाऊन सांगते त्यांना, आत येऊन भिंत बघा म्हणून." तू केवढ्याने अंगावर आलीस माझ्या, "घरोघर दाखवायला ते काय लग्नाचं लुगडं आहे? ज्याला यायचंय तो येईल." कुणी एक जरी मूठभर कणीक घेऊन आत आली असती तरी तिला ते दिसलं असतं. कुणी आलं नाही. राज्य झालं त्या दिवशी अख्खी वाडी दिव्यांनी उजळली होती आणि काकूंच्या सुनेने उंबऱ्याबाहेरून हात लांब करून पेढा दिला. तू तो तिथेच उभ्याने खाल्लास आणि आत जाऊन भांडी घासलीस. ती आधीच घासलेली होती.

मागच्या महिन्यात हिंदमाताला साडी बघत होते तर शेजारून एक म्हातारी हात धरते, "तू आमच्या वैनीची ना गं?" काकूच. पार वाकल्यात, शीवला लेकीकडे असतात. भर दुकानात म्हणाल्या, "तुझ्या आईसारखी खळ पुन्हा झालीच नाही बघ. पोस्टरं दुसऱ्या दिवशी गळून पडायची. मला रोज वाटायचं, ती हाक मारेल. माझी काही हिंमत झाली नाही." मग माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "रागावली होती का गं ती माझ्यावर?" मी म्हटलं, "छे हो काकू, ती कधीच विसरून गेली होती." त्यांनी लेकीचा पत्ता दिला, ये म्हणाल्या. तो पर्समध्ये आहे. रोज काढते, बघते, परत ठेवते. शीव काही लांब नाही.

तू विसरली नव्हतीस, आणि मीही नाही. भिंतीवरच्या पोस्टरचं तेव्हाच सांगितलं असतं तर त्या तिथेच, त्या साड्यांच्या ढिगापुढे रडल्या असत्या आणि मोकळ्या झाल्या असत्या. त्यांनी इतक्या सहज मोकळं व्हावं, तेवढंच मला नको होतं, आई.